दोन अर्ध्यांचा ओ

लुडी ह्रुश्काचा नवरा ऑगी जिवंत होता तोवर एकच विनोद वर्षानुवर्षं करत राहिला. चर्चमधल्या वहीत लग्नाची सही करायच्या आधी मी आठवडाभर घरी सराव केला होता, म्हणायचा, कारण नवरी बँकेत सह्या तपासते. एखादा फाटा इकडचा तिकडे झाला तर पाद्र्यासमोरच नापास करायची. लोक हसायचे. लुडी हसायची नाही. तिला यात विनोद काय तेच कळायचं नाही. सही चुकली असती तर तिने केलंच असतं नापास.

बाई होतीच तशी. अमेरिकेतल्या ईरी शहराच्या पूर्वेकडच्या आमच्या वस्तीत तिच्याबद्दल प्रेमाने बोलणारे होते, पण तिच्यासमोर सैल बोलणारं कोणी नव्हतं. उमेदीची सगळी वर्षं तिने बँकेच्या मागच्या खोलीत काढली. समोर चेक, शेजारी खातेदाराच्या सहीचं कार्ड, आणि मधे लुडीची नजर. आईच्या नावाने सही ठोकणारे मुलगे तिने पकडले, भावाचं पेन्शन परस्पर उचलणारी बहीण पकडली. रविवारी चर्चमधून बाहेर पडताना काही माणसं तिला बघून दुसऱ्या पायऱ्यांनी उतरायची. मग बँकेत यंत्रं आली. साहेबांनी केक कापला, भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं आणि लुडीला घरी पाठवलं.

घरी बसून ती वेडी झाली असती. पण रँडी कोव्हाच नावाचा एक गडी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये दर महिन्याला बेसबॉलच्या जुन्या वस्तूंचा बाजार भरवायचा. सही केलेले चेंडू, बॅटी, टोप्या, खेळाडूंची चित्रं असलेली पत्त्यांसारखी कार्डं. या धंद्यात खऱ्यापेक्षा खोटं जास्त. रँडीला कोणीतरी सांगितलं की एक म्हातारी सही बघून माणूस ओळखते. त्याने तिला एक टेबल दिलं, एक दिवा दिला. भिंग तिचं स्वतःचं होतं. बघता बघता असं झालं की लुडीने 'खरी' म्हटलं तर वस्तू खरी, आणि तिने मान हलवली तर ती वस्तू पुन्हा कोणी हातात धरायचं नाही.

तिचं तंत्र बँकेतलंच होतं. आपली सही माणूस विचार न करता करतो, म्हणून ती भरभर येते. दुसऱ्याची सही करणारा जपून करतो, अडखळतो, मधेच पेन उचलतो, पुढचं अक्षर आठवतो. शाई आणि चामडं नंतर, आधी हाताचा वेग बघायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम म्हणजे गोष्ट ऐकायची नाही. चेंडू घेऊन येणारा प्रत्येक जण एक गोष्टही घेऊन येतो. आजोबा स्टेडियमबाहेर उभे होते, काका त्याच हॉटेलात वेटर होते, वगैरे. गोष्ट ऐकली की मन पाघळतं आणि मन पाघळलं की डोळ्याला दिसेनासं होतं. लुडी हात वर करून सांगायची, गोष्ट नको, वस्तू द्या.

आमच्या गावात सह्यांमधली सही म्हणजे डेल ऑस्ट्रँडरची. डेल आमच्या बार्जमेन या बेसबॉल संघाचा चेंडूफेक्या. इथून तो वर गेला, मोठ्या संघातून खेळला, देशभर नाव काढलं, आणि म्हातारा व्हायच्या आत गेला. त्याच्या नावाचा रस्ता आहे. या गावातल्या कुठल्याही बारमध्ये जा, गल्ल्यामागे काचेच्या डबीत त्याच्या सहीचा चेंडू असणारच. काय सही होती! लफ्फेदार, एका दमात मारलेली, आडनावाच्या सुरुवातीचा इंग्रजी ओ शिंगासारखा वळवून पुढच्या अक्षरात घुसवलेला, आणि शेवटी चेंडूच्या शिवणीपर्यंत गेलेली शेपटी. लुडीकडेही तसा एक चेंडू होता. लहानपणी चर्चमधल्या तिच्या पहिल्या कम्युनियनच्या दिवशी तिच्या वडिलांनी तो मैदानाच्या तिकीट खिडकीतून आणला होता. गावातला ऑस्ट्रँडरचा प्रत्येक चेंडू ती त्या चेंडूशी ताडून बघायची, आणि गेली कित्येक वर्षं तिने त्याच्या सह्यांना डोळे मिटून म्हणावं इतक्या खात्रीने दाखले दिले होते.

तर मार्च महिना, ईस्टरआधीचे उपासाचे दिवस, शनिवारचा बाजार. लुडीच्या टेबलाशी एक उंच म्हातारा येऊन उभा राहिला. अंगात रविवारचा कोट, हातात टोपी. त्याचं नाव अर्ल टॉलिव्हर. एके काळी बेकरीची गाडी चालवायचा. आमच्याकडच्या अर्ध्या दुकानांत पाव त्याने पोहोचवलाय. सोबत त्याची मुलगी आर्नेटा होती, पन्नाशीची, थकलेल्या चेहऱ्याची. अर्लने खिशातून रुमालात गुंडाळलेला चेंडू काढला. मैदानावर डेलच्या आठवणींचं कपाट करतायत, म्हणाला, हा त्यांना द्यायचाय, पण ते म्हणतात आधी ह्रुश्काबाईंचा दाखला आणा. मग तो पुढे सांगू लागला, की त्या वर्षी बर्फ लवकर पडला होता आणि...

लुडीने हात वर केला. "गोष्ट नको, मिस्टर टॉलिव्हर. चेंडू द्या."

तिला भिंगाची गरजच पडली नाही. अक्षरं एकेक सुटी, लहान मुलाने दगडावर कोरावीत तशी. प्रत्येक अक्षरानंतर पेन उचललेलं. दाब इतका की चामडं खचलेलं. आणि तो ओ! एका फटक्यातला नव्हेच. डावीकडून एक अर्धा, उजवीकडून एक अर्धा, आणि वर दोघांमध्ये फट. लुडीने इतकी बावळट नक्कल आयुष्यात पाहिली नव्हती. नक्कल करणाऱ्याने निदान मूळ सही एकदा बघायची तसदी घ्यावी.

"ही ऑस्ट्रँडरची सही नाही," ती म्हणाली.

"बाई, मी त्याच्यासमोर उभा होतो."

"तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. चेंडू काय सांगतो तेवढं सांगते."

अर्लने वाद घातला नाही. तो मुलीकडे बघत राहिला. आर्नेटाने नजर खाली वळवली आणि हलकेच म्हणाली, "चला, डॅडी." चेंडू रुमालात गेला, रुमाल खिशात गेला.

पण तो दाराशी बुटांवरचे रबरी जोडे चढवत असताना आर्नेटा एकटीच परत आली. लुडीचे आभार मानू लागली. म्हणाली, बरं झालं तुम्ही स्पष्ट सांगितलंत. हल्ली डॅडी काहीबाही सांगतात. स्टोव्ह चालू राहतो, दुसऱ्याच्या दारात गाडी लावून येतात. आई अशीच हळूहळू गेली, सगळं विसरून, म्हणून जीव धास्तावतो. डॉक्टरांना डोकं तपासायचंय, पण डॅडी ऐकत नाहीत. सारखं एकच. म्हणतात, तो चेंडू नेऊन दाखव, तो खरा निघाला तर माझं डोकं ठिकाणावर आहे, आणि खोटा निघाला तर तू म्हणशील ते करीन. "आता तरी ऐकतील," ती म्हणाली, पण तिच्या आवाजात आनंद नव्हता.

लुडीला वाईट वाटलं. पण वाईट वाटून सही बदलत नाही. तिने डबा उघडला, ट्यूना सँडविच खाल्लं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

पुढच्या शुक्रवारी ती नेहमीप्रमाणे मिलो पेत्राशला मासे द्यायला गेली. उपासाच्या शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून आमच्या चर्चच्या तळघरात पर्च मासे तळतात, आणि ज्यांना येणं होत नाही त्यांना ताटली घरपोच जाते. मिलो म्हाताऱ्यांच्या आश्रमात राहायचा. ऑगीचा लांबचा चुलतभाऊ, आणि आयुष्यभर बार्जमेनच्या खेळाडूंच्या खोलीचा कारभारी. त्यांचे कपडे धुवायचे, बुटांचा चिखल खरवडायचा, कोणाची बायको फोनवर रडली तर तिला समजवायचं, ही त्याची कामं. नव्वदीतही त्याची जीभ तल्लख होती. लुडी गेली की दोघं तासभर गावाची निंदा करायचे आणि दोघांनाही त्याने बरं वाटायचं.

त्या दिवशी लुडीने गंमत म्हणून अर्लच्या चेंडूची हकीकत सांगितली. अक्षरं कशी सुटी, दाब कसा बैलासारखा. "आणि ओ तर विचारूच नकोस," ती म्हणाली. "दोन अर्धे जोडलेले. वर फट."

मिलोचा काटा ताटलीवर तसाच राहिला.

"तो ओ तू कुठे पाहिलास?" त्याने विचारलं.

"सांगतेय ना, त्या पाववाल्याच्या चेंडूवर."

"लुडे, तो डेलचा ओ आहे."

ती हसली. मिलो हसला नाही. त्याने तिच्या पर्समधलं पेन मागून घेतलं, ताटली सरकवली, आणि कागदी रुमालावर हात फिरवला. रुमाल फाटेल असं वाटलं, पण फाटला नाही. शिंगासारखा ओ, पुढच्या अक्षरात घुसलेला, आणि शेवटी लांब शेपटी. बारमधली, रस्त्याच्या उद्घाटनाच्या फोटोतली, लुडीच्या काचेच्या कपाटातली सही. मिलोचा हात एरवी चमचा धरताना थरथरायचा.

मग त्याने सांगितलं. अगदी सहज, जणू कपडे कुठल्या साबणाने धुवायचो ते सांगतोय. रोज सकाळी सहीसाठी खोकंभर चेंडू टेबलावर यायचे. सगळ्या संघांत असंच चालायचं. खेळाडू कंटाळायचे आणि कारभारी त्यांच्या नावाने उरकून टाकायचे. पण डेलची गोष्ट वेगळी होती. डेल डोंगरातल्या खाणवस्तीवरून आलेला, शाळा त्याला लाभलीच नव्हती. भरल्या मैदानात कोणाच्या बापाला न भिणारा माणूस, पण नाव लिही म्हटलं की कपाळावर घाम. एकेक अक्षर म्हणजे एकेक चढण. ओ त्याला कधीच एका दमात जमला नाही. डावीकडचा अर्धा काढायचा, थांबायचा, मग उजवीकडचा काढून दरवाजाची दोन कवाडं लावावीत तसे लावायचा, आणि तरी वर फट राहायचीच. संघाच्या मॅनेजरने एकदा ते पाहिलं आणि मिलोला बाजूला घेऊन म्हणाला, तुझा हात चांगला आहे. तेव्हापासून डेल ऑस्ट्रँडरची सही म्हणजे मिलो पेत्राश.

"आणि तू मला कधी सांगितलं नाहीस?" लुडीचा आवाज चढला. "मी इतकी वर्षं तुझ्या सह्यांना दाखले देत बसले, मिलो."

"मला वाटलं तुला कळलं असेल," मिलो म्हणाला. "सह्यांची बाई तू. मी बूट पुसणारा."

तो टोमणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटलं होतं, आणि म्हणूनच ते लुडीला जास्त लागलं. तिने शेवटी एवढंच विचारलं, की डेलने कधीच कोणाला स्वतः सही दिली नाही का. मिलोने पेन तिला परत दिलं. मग म्हणाला, कोणी मागितली तर तो चेंडू माझ्याकडे पाठवायचा. कोणाचे उपकार झाले असतील आणि आसपास मी नसेन, तर दिली असेल बिचाऱ्याने. लाज गिळून.

घरी येऊन लुडीने कोटही काढला नाही. कपाटातून वडिलांचा चेंडू काढला आणि दिव्याखाली धरला. वेग होता, आत्मविश्वास होता, अडखळणं कुठेही नव्हतं. तिच्या सगळ्या कसोट्यांना उतरणारी सही. फक्त ज्याची म्हणायची त्याची नव्हती. बँकेत कार्डावर सही करताना खातेदार समोर बसलेला असायचा. इथे डेल कोणासमोर बसून लिहीत होता का, हे तिने एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं, कारण चेंडू बाबांनी आणला होता. सगळ्यांच्या गोष्टींना हात वर करणाऱ्या बाईने स्वतःच्या घरातली गोष्ट मात्र बिनतक्रार गिळली होती. तिला बाबांचा राग आला नाही. खिडकीतून चेंडू मिळाल्यावर ते किती खूश झाले होते ते तिला आठवत होतं. राग आला तो स्वतःचा, आणि त्याच्या मागोमाग अर्ल टॉलिव्हर मुलीकडे बघत उभा होता ते आठवलं. तेव्हा मात्र तिला धड बसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने रँडी कोव्हाचला नाश्त्याच्या हॉटेलात गाठलं आणि सगळं सांगितलं. रँडीने अंडी खाता खाता ऐकलं आणि अंडी संपल्यावर डोकं धरलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. मिलो नव्वदीचा, दिवसाला मूठभर गोळ्या खाणारा. त्याच्या बोलण्यावर गावातल्या प्रत्येक बारमधला चेंडू खोटा ठरवायचा? आणि त्या पाववाल्याला तरी काय मिळणार? त्याच्या चेंडूला दाखला द्यायचा तर ताडून कशाशी बघणार? जगात दुसरा खरा चेंडू आहे कुठे?

"एका म्हाताऱ्याच्या शब्दावर उठाठेव करू नकोस, लुडी."

"दोघांच्या शब्दावर," लुडी म्हणाली. "मिलो आणि तो पाववाला एकमेकांना ओळखत नाहीत. आणि ओ दोघांचा एकच आहे."

पुढच्या बाजारात मी उभी राहून सांगणार, ती म्हणाली, की ऑस्ट्रँडरचे माझे सगळे दाखले रद्द समजा. रँडीने तिला समजावलं, मग धमकावलं, मग जवळजवळ रडला. त्यानंतर तुझ्या टेबलाशी कुत्रंही येणार नाही, असं म्हणाला. नाही आलं तर नाही आलं, असं म्हणून लुडी उठली. खरं सांगायचं तर ती घाबरली होती. ते टेबल गेलं की पुन्हा घर, खुर्ची आणि बँकेने दिलेलं घड्याळ एवढंच उरणार होतं.

टॉलिव्हरांचं घर शोधायला वेळ लागला नाही. दार आर्नेटाने उघडलं. तिला वाटलं, बाईंचं काही राहिलं असेल. अर्ल स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता, पुढ्यात थंड झालेली कॉफी. त्याने उठून खुर्ची दिली, केक खाणार का विचारलं. पण तो मागच्या शनिवारपेक्षा बारीक वाटत होता, आणि बोलताना दर वाक्याला मुलीकडे बघत होता, बरोबर बोललो ना अशा नजरेने.

तिने आडपडदा ठेवला नाही. मिलोचं सांगितलं, खोक्यातल्या चेंडूंचं सांगितलं, दोन अर्ध्यांच्या ओचं सांगितलं. "सही खरी होती, मिस्टर टॉलिव्हर," ती म्हणाली. "मी चुकले. मला माफ करा. चेंडू द्या, आत्ताच्या आत्ता लिहून देते."

अर्लने टेबलाचा खण उघडून चेंडू तिच्यापुढे ठेवला. जिथे सही होती तिथे चामडं फुलून पांढरं झालं होतं, भांडी घासायच्या तारेने घासल्यासारखं. लुडीने तो दिव्याकडे वळवून पाहिला. काही उरलं नव्हतं. अक्षरांच्या खळग्यासुद्धा नाहीत.

"मीच घासला," अर्ल म्हणाला. "खोटी वस्तू जपून ठेवली तर डोकं पुन्हा तिच्याच मागे जाईल. आर्नेटाला वचन दिलं होतं मी."

लुडी त्या चेंडूवर हात ठेवून बसली. डेल ऑस्ट्रँडरने स्वतःच्या हाताने लिहिलेलं कदाचित एकुलतं एक नाव तिच्या एका वाक्याने पुसलं गेलं होतं. तिला इतकी लाज कधीच वाटली नव्हती. आर्नेटा त्यांच्याकडे पाठ करून नळाखाली एकच कप पुन्हापुन्हा धूत होती.

पण अर्लचं लक्ष चेंडूकडे नव्हतंच.

"म्हणजे मी त्याला सही करताना पाहिलं होतं," तो म्हणाला.

"पाहिलं होतं."

मग तो सांगू लागला, आणि या वेळी लुडीने हात वर केला नाही. सरोवराकाठचा रस्ता. पावाची गाडी. डेलची मोटार खड्ड्यात गेलेली, आणि त्याला सोडून पुढे गेलेल्या दोन गाड्या. अर्लने साखळी लावून ती ओढून काढली. डेलकडे द्यायला काही नव्हतं, मागच्या सीटवर एक चेंडू होता. कोणासाठी, त्याने विचारलं. बायकोसाठी, अर्ल म्हणाला, तिला दिवस गेलेत. डेलने हातमोजा काढला, चेंडू गाडीच्या नाकावर टेकवला आणि लिहायला लागला. इतका वेळ लावला की त्याच्या टोपीवर बर्फ साचला.

"मला वाटलं थंडीने हात गोठलाय बिचाऱ्याचा," अर्ल म्हणाला. "त्याला येत नव्हतं, हे मला आज कळतंय. तो ओ झाल्यावर त्याने वर पाहिलं आणि हसला. मला तसं आठवतं, बाई. पण आता खात्री नाही वाटत. हे सगळं असंच झालं असेल? की मी नंतर मनाने भरत गेलो? बर्फ तरी होता का?"

तो तिच्याकडे उत्तरासाठी बघत होता. हो किंवा नाही, ती देते तसं. लुडीने आयुष्यभर दुसरं काही केलंच नव्हतं.

"ते मला कसं सांगता येईल," ती म्हणाली. "मी तिथे नव्हते. तुम्ही होतात."

आर्नेटाने नळ बंद केला. हात पुसत ती आली आणि बापासमोरची खुर्ची ओढून बसली.

"मग, डॅडी?" तिने विचारलं. "होता का बर्फ?"

"होता," अर्ल म्हणाला. "गुडघ्याएवढा."